कै. स. त्रिं. मापारी, निरीक्षक

तो जन्मला तेव्हाच बावन्न वर्षांचा होता.
सराफ बाजारात, कुलथ्याच्या दुकानावरच्या पोटमाळ्यात,
चौऱ्याहत्तरच्या रंगपंचमीला.
तीन बाप, आणि तिघांच्याही कानात अजून रहाडीचं पाणी.
कल्पना उसनी. रशियात म्हणे काही टवाळांनी मिळून
एक आख्खा साहेब-कवी रचला होता,
इक्बाल कोकणीने कुठल्या तरी तळटीपेत वाचलेलं.
"नाशकात साहेब काय कमी आहेत?" तो म्हणाला.

नाव मी दिलं: सदाशिव त्रिंबक मापारी.
खातं कुलथ्याने दिलं: वजन-मापे, वर्ग दोन.
तिथला माणूस दरवर्षी येऊन त्याचा काटा नापास करायचा
आणि मिसळ खाऊन झाली की पास.
इक्बालने मधुमेह दिला, डाव्या कानाला बहिरेपण,
आणि स्वतःविषयी अपार आदर.

मी मुद्रितं तपासायचो त्या पेपरात
रविवारी दोन बोटांची चौकट मिळाली.
मापारी लिहू लागले:
रिकामं पारडं वर असतं; त्याला बढती समजू नये.
घड्याळ बंद पडलं तरी माणसाने चालू राहावं, निदान पाचपर्यंत.
आणि कविता, नदीला उद्देशून, टाय बांधून लिहिल्यासारखी:

    हे गोदे, तू वाहसी कोणाच्या आदेशे?
    मी तर श्वासहि घेतो वरिष्ठ-संदेशे!

पुराच्या साली त्यांनी सरकारला सुचवलं,
की दुतोंड्या मारुतीवर खात्याचा शिक्का मारावा;
सारं गाव त्याच्या गुडघ्यावर, कमरेवर, छातीवर पूर मोजतं
आणि मापाची पडताळणी नाही!
आम्ही पोटमाळ्यावर गडाबडा लोळलो.
पंधरा दिवसांनी पत्र आलं. खरं. जावक क्रमांकासकट:
सूचना विचाराधीन आहे.

मग निफाडहून द्राक्षांची पेटी आली, "साहेबांना".
(मधुमेह आहे, इक्बाल म्हणाला, आणि सोलून सोलून खात बसला.)
भगूरचे एक मास्तर आले, वही घेऊन,
साहेब दौऱ्यावर असल्याचं ऐकून
जिन्यावर दोन तास बसले.
सत्काराचं बोलावणं आलं तेव्हा मात्र आमची तंतरली.
मारून टाकला.
सहा ओळी, काळी चौकट. छायाचित्र उपलब्ध नाही.

शोकसभेला चाळीस माणसं.
एक बाई उभी राहिली, पदर तोंडाशी.
माझ्या गाडीवरची वजनं, म्हणाली,
साहेबांनी एकदा न बघताच पास केली होती,
पोरगा तापाने फणफणला होता तेव्हा.
आम्ही तिघं शेवटच्या रांगेत,
मान खाली, चपला हातात.
त्यानंतर त्यावर कधी हसलो नाही. बोललोही नाही.

इक्बाल जाऊन नऊ वर्षं झाली.
कुलथे काल गेला. मागे कुणी नाही त्याचं,
एक पुतण्या पुण्याला, फोन न उचलणारा.
अमरधाममध्ये लाकडं काट्यावर चढत होती,
आणि काट्यामागच्या भिंतीवर, निळ्या रंगात,
शुद्धलेखनाच्या दोन चुकांसह:
रीकाम पारडं वर असतं.
"कोणाचं हे?"
"होते एक साहेब. आमच्या वडिलांच्या ओळखीचे.
सरळ माणूस. असे आता होत नाहीत."
खिशात पेन होतं. चाळीस वर्षांची खोड. तरी हात उचलला नाही.

पालिकेचा अर्ज पुढे आला.
मयताचे नाव. ते लिहिलं.
अर्जदाराचे नाव.
बराच वेळ पेन तसंच.
मग सुवाच्य अक्षरात: स. त्रिं. मापारी.
मयताशी नाते: मुलगा.

माणसाने कागद वाचला. भिंतीकडे बघितलं. माझ्याकडे.
काही विचारलं नाही.
काट्याचा हलता दांडा हाताने धरला,
आवाज जरा खाली आणून म्हणाला,
"वजन बघून घेता का, साहेब?"

मी नदीकडे बघत होतो.
"पास," म्हणालो.