शेवटून पहिली

शुक्रवारी दुपारी शारजातून निघालो.
डिकीत आठ बूट, मिठाच्या गोळ्या,
जेसिंताने तळलेले फुगे, कागदात गुंडाळून,
आणि हवा गेलेला एक फुटबॉल,
तो कुणाचा, हे परत येईपर्यंत कळलं नाही.
शब्बीर मुजावर गाडी चालवत होता.
निशिकांत पुढे. त्याचा व्हिसा एकतीस तारखेला संपणार,
त्यावर कुणी बोललं नाही.
आम्ही मोज्यांवर बोललो. तासभर, मोज्यांवर.

शौकाला तंबू ठोकला तेव्हा वारा सुटला होता.
इकडे थंडी पडते हे मिरजेत कुणाला पटत नाही.
आईला फोन केला, म्हटलं, उद्या पळायचंय,
डोंगरात, पन्नास किलोमीटर.
ती म्हणाली, का गं? मागे कोण लागलंय?

पहाटे पाच. कपाळाकपाळांवर दिवे.
पहिल्या खिंडीपर्यंत चौघं एका रांगेत,
मग शब्बीर सुटला, दावं तुटलेल्या बोकडासारखा,
जेसिंता तिच्या तिच्या लयीत, ओठांत रोझरी.
निशिकांत वळून वळून बघत राहिला.
मी हात केला: जा रे बाबा.

दगड म्हणजे, कुणी डोंगर फोडून ठेवावा
आणि रचायचं विसरून जेवायला जावं, तसे.
बाविसाव्या किलोमीटरला गुडघा बोलू लागला,
आधी अदबीने,
मग तोंड सोडून.

तिसाव्याच्या पुढे मागून पावलं ऐकू आली.
नारिंगी जाकिटातला पोरगा, पाठीवर पोतं,
काटेरी झुडपांना बांधलेल्या खुणेच्या फिती
एकेक सोडवत येत होता.
नाव इक्रामुल. सिल्हेटचा.
शेवटच्या माणसाच्या मागे चालायचं, हे त्याचं काम.
मी थांबले की तोही थांबायचा, आकाशाकडे बघायचा.
लाजून म्हटलं, तू जा पुढे.
"तुम आगे जाएगा, तब मैं निकालेगा."

म्हणजे मी ओलांडलं ते वळण
मी ओलांडताच नुसता डोंगर होत होतं.
सकाळी दोनशे माणसं गेली इथून,
आता मागे बघावं तर
फक्त बकऱ्यांची वाट, तीही त्यांनाच ठाऊक.

ओढ्याकाठी एक झाड. सिद्र म्हणाला तो.
मी पान बघितलं, काटा बघितला. बोर होती.
दोघांनी खाल्ली, उभ्या उभ्या,
आणि डोंगरात काही टाकायचं नाही असा नियम,
म्हणून बी गालात धरून मी चार किलोमीटर चालले.
त्याच्याकडे एक फीत मागितली, आठवण म्हणून.
त्याने मान हलवली. "गिनती होता है."

दहा तासांची मुदत. मला दहा तास एकोणीस मिनिटं.
कमानीची हवा काढली होती,
निळं नायलॉन जमिनीवर पसरलेलं,
एक माणूस गुडघ्यांनी दाबून उरलीसुरली हवा काढत होता.
शब्बीरने एक टोक उचललं, निशिकांतने दुसरं,
जमेल तेवढं, छातीपर्यंत.
मी वाकून खालून गेले.
जेसिंता एकटीच टाळ्या वाजवत होती
आणि रडत होती, किंवा वाळू असेल.

आईला कळवलं: शेवटून पहिली आले.
ती म्हणाली, मग मागे कुणी नव्हतं ना?
होता एक, म्हटलं. चांगला होता.

परतताना पेट्रोल पंपावर कडक चहा घेतला.
कुणाला पाय दुमडता येईना.
गाडीत अंधार, पाठीमागे डोंगर विझलेले,
तेव्हा निशिकांत समोर बघत म्हणाला,
माझा फ्रिज कुणाला हवाय का?

शब्बीरने उगाच आरसा नीट केला.
जेसिंताने विचारलं, केवढा आहे?
दोन दारांचा, तो म्हणाला. चांगला चालतो.
फक्त वरचं दार
जरा उचलून लावावं लागतं.