दोन टाके

कमरेखालचा मी कुठेतरी निघून गेलो होतो.
मणक्यात सुई, मग मुंग्या, मग काहीच नाही.
हिरव्या कापडापलीकडे टेबलाच्या कडेवरून
कुणा परक्याचा पाय लोंबत होता.
डॉक्टर लामारा म्हणाल्या, पडदा तुमच्याकडे वळवू?
घाबरणार नाही ना?
बाई, मी माणूसभर उंच उडून
लाकडी फळ्यांवर गुडघ्यांवर पडत आलोय,
एकवीस वर्षं, ढोलाच्या तालावर, पगार घेऊन.
वळवा.

दुर्बीण लांबचं जवळ आणते असं शाळेत शिकलो होतो.
इथे पेन्सिलीएवढी नळी
वाटीच्या शेजारून आत शिरली
आणि माझंच मला केवढं लांब निघालं!
मिठाच्या पाण्याखाली एक पांढरा मुलूख.
ना रक्त, ना आवाज.
दोन हाडांच्या मधे चंद्रकोरीसारखी गादी,
तिची कड उसवलेली,
पाणी येईल तशी फडफडणारी,
रिओनीतल्या दगडाला अडकलेल्या
प्लास्टिकच्या पिशवीसारखी.

कधीचं हे? बाईंनी विचारलं.
पाच-सहा वर्षांचं असेल, मी म्हणालो.
खोटं.
मला तारीख पाठ आहे.
बातुमी, ऑगस्ट, ढाल-तलवारीचा नाच,
पात्यांतून ठिणग्या उडत होत्या
आणि एक थाप चुकली.
माझी की नुगझारची,
यावरून एकोणीस वर्षं आम्ही
एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

गुडघे टेकले म्हणजे माणूस हरला, म्हणतात.
आमचा धंदाच उलटा.
टेकले की टाळ्या.
टेकून गिरकी घेतली की सगळं कुताइसी उभं राहायचं.
गुडघ्याला बाशिंग बांधून फिरायचो तेव्हा,
आणि खरं सांगायचं तर
माझ्या अंगावर ते शोभलं असतं असं
दुसरं ठिकाणही नव्हतं.

दुसऱ्या छिद्रातून कातरी आली.
तिचं तोंड तांदळाच्या दाण्याएवढं.
फाटलेलं तेवढंच कुरतडलं.
कमी कापू तितकं बरं, बाई पुटपुटल्या,
मला, की कातरीला.
मग नळी जराशी वळली.
हाडाच्या टोकावर कुर्चा झिजून
नाण्याएवढी जागा उघडी पडलेली.
ह्याचं मी काही करू शकत नाही, त्या म्हणाल्या.
हे तुमचं पडणं आहे.
मी त्या जागेकडे बघत राहिलो.
ओळख पटत होती.

दोन भोकं. दोन टाके.
एवढ्याशासाठी एवढी वर्षं लंगडलो.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर नुगझार.
खांदा. तलवारीचा.
तीन भोकं, तीन टाके.
इथेही माझ्याहून एक जास्तच.
अर्धी रात्र दोघंही छताकडे बघत पडलो.
छताला काय होतं, एक तडा आणि एक नळी.
माझे पाय अजून आले नव्हते.
घशाला कोरड, आणि पाण्याचा पेला त्याच्या बाजूला.

खाट करकरली.
अंधारातून एक पेला आला, थरथरत,
निम्मा माझ्या चादरीवर सांडत.
"डावा हात आहे," तो म्हणाला.
"दिसतंय," मी म्हणालो.
एकोणीस वर्षांचं बोलणं एवढंच.
मग तो घोरायला लागला,
पूर्वी दौऱ्यातल्या बसमध्ये घोरायचा तसाच.

सकाळी व्यायाम शिकवायला थेओना आली.
ह्या पोरीच्या जन्माआधी मी नाचायला लागलो होतो.
एक, वाकवा. दोन, सरळ.
एक, वाकवा.
नुगझारने न्याहारीचा ट्रे पोटावर घेतला
आणि डाव्या बोटांनी ठेका धरला.
"पोरी, दोनवर उशीर करतेस."

मी कान देऊन ऐकलं.
पोरगी अचूक होती.
उशीर तो करत होता,
अर्ध्या थापेचा,
बातुमीत केला होता तेवढाच.

बोललो नाही.
गुडघा वाकवला,
त्याच्या ठेक्यावर.
टाका ओढला गेला. दुखलं.