टिकल्या

धारवाडहून आलेला नकाशा टेबलावर पसरला,
कोपऱ्यांवर शब्दकोश ठेवले, दोन मराठी, दोन कन्नड.
म्हटलं, जिथं बसावंसं वाटतं तिथं टिकली लावा.

खानापूरच्या या कॉलेजात
बावीस वर्षं वाचनालय मीच मांडत आलो.
कपाटं ओळीत, खुर्च्या ओळीत,
'शांतता राखा' दोन्ही लिप्यांत.

भरमाण्णानं टिकली लावली जिन्यावर.
"जिना चढायला असतो रे."
"प्लग तिथंच हाय की, सर."
तैसीननं खिडकी मागितली, उजेडासाठी नव्हे,
नंदगडची बस लागलेली दिसते म्हणून.
गंगव्वा झाडायला आली होती.
तिनं कपाळावरचीच काढली
आणि माठाशेजारी चिकटवली:
"हितं पोरी उभ्यानं वाचत्यात."

माझ्या टेबलाभोवती
हातभर कागद कोरा राहिला.

जूनमध्ये माझं टेबल दाराबाहेर गेलं.
भिंत पाडायला पैसे नव्हते,
लांब वायर तेवढी आली, बाकडी आली,
आणि माठाशेजारी एक स्टूल.

दिवाळीनंतर तोच नकाशा पुन्हा काढला.
निम्म्या टिकल्या भलत्याच ठिकाणी.
"जिन्यावर गार लागतंय आता," भरमाण्णा म्हणाला,
जणू मला ठाऊक असायला हवं होतं.
जुन्या काढताना कागद सोलून निघाला,
गंगव्वाची तर निघालीच नाही.

स्टुलावर कुणी बसत नाही.
पोरी त्यावर डबे ठेवतात
आणि शेजारी उभ्यानंच वाचतात.
असू दे. डब्यांना तरी
कुठं जागा होती इतकी वर्षं?