पोळ्या करायला लेडीज पाहिजेत

परळला, भोईवाड्याच्या वळणावर
अर्ध्या ओढलेल्या शटरवर खडूनं लिहिलेलं:
‘पोळ्या करायला लेडीज पाहिजेत. वेळ सकाळी पाच.’

मी मुद्रितशोधक. एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या ओळींतली जास्तीची अक्षरं काढतोय.
सवयीनं मनातच खूण केली: द्विरुक्ती.

कारण लेडी फोडली तर आत दोन शब्द निघतात,
हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतले, एकमेकांत मुरलेले.
ह्लाफ म्हणजे पाव,
आणि दिगे (आडनाव नव्हे) म्हणजे मळणारी.
लॉर्डही तसाच: ह्लाफ आणि वेआर्ड,
पावाचा राखणदार.
त्यातलाच वॉर्ड पुढे महापालिकेत चिकटला,
एफ साउथच्या पाटीवर बसला.

आत लॉर्ड होते. मिराशी शेठ,
डब्यात पडणारी पोळी न् पोळी मोजत.
आणि प्रमिला घाग, परातीपुढे,
मनगटापर्यंत कणकेत.

मला राहवलं नाही.
चार पोळ्या आणि वाटाण्याची उसळ बांधून होईतो
सगळं सांगून टाकलं.
अजून मागे गेलं तर, म्हटलं,
हे दिगे आणि आपल्या संस्कृतातला दिह् एकाच घरचे.
लिंपणं, थापणं. त्यातूनच देह.
म्हणजे बघा, देह म्हणजे मळून केलेली वस्तू.

हात थांबले नाहीत तिचे.
तेलाचं बोट गोळ्यावरून फिरवत म्हणाली,
‘ते ठाऊकाय.
चौदा वर्षं घरी माझीच कणीक तिंबत होते.
तेव्हा कोण लेडी म्हटलं नाही.
हितली पाटी वाचली न् आले.’

मिराशी शेठचा आकडा चुकला.
त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

ज्या मूळ रूपाचा लेखी पुरावा नाही
त्याच्यापुढे कोशकार एक चांदणी ठेवतात.
मला ती चांदणी आठवली, का कोण जाणे,
आणि सुट्टे मोजताना एक रुपया खाली पडला.

तिनं गोळ्यावर ओलं फडकं टाकलं.
‘आता अर्धा तास हात नाही लावायचा.
घाई केली की फाटते.’
हे मला होतं की कणकेला, कळलं नाही.

बाहेर शटरवर
‘पाहिजेत’मधला शेवटचा त पुसट झालेला.
खाली खडूचा तुकडा होता.
पिशवी मनगटाला अडकवून
तेवढा गिरवला.