शुक्रवारची गाडी

मी सांधा गुळगुळीत केला होता,
पट्टी लावून, ओल्या बोटानं पुसून,
आणि टोलेडोच्या परीक्षकानं नेमके त्याचेच
दोन गुण कापले.
म्हणाला, कारखान्यात इतकं नीट
कोणी करत नव्हतं.

मग पुन्हा खरवडलं.
तळाच्या पत्र्यावरचे डांबरी तुकडे
सुक्या बर्फानं गारठवून उचकटले,
आधी त्यांचा नकाशा काढून घेतला:
डावा तिरका, उजव्याचा कोपरा दुमडलेला.
नवेही तसेच बसवले,
पाचदा मोजून तिरके.

सीलर मात्र जमेना.
घाई काही ठरवून करता येत नाही.

शेवटी समोरच्या घरातून लुडविकाला बोलावलं.
वय एक्याऐंशी. हॅमट्रॅमकच्या प्लांटात
अकरा वर्षं डिकीच्या सांध्यांवर.
चष्मा तिनं पर्समध्येच राहू दिला.
"वार कुठला होता?"
कागदपत्रं चाळून मी म्हणालो, शुक्रवार.
"मग जाड लागेल," म्हणाली,
"आणि शेवट सुटेल."

वाकड्या झालेल्या बोटांत तिनं गन धरली.
एक ओळ, वर अंगठ्याचा एकच फराटा,
दिव्याच्या भोकाखाली एक गोळा तसाच.
चहा ओतायलाही
याहून जास्त वेळ लागतो.

"झालं."
आणि एक पाऊल डावीकडे सरकून
गन उचललेलीच ठेवून ती उभी राहिली,
पुढची गाडी यायची म्हणून.

तिकडे नुसती भिंत होती,
आणि बर्फ उपसायचं फावडं.