मागचं पान

ऑक्सिजनचं रजिस्टर पालथं करून उलटीकडून उघडलं
की शेवटच्या पानावर आमची उसनवारी.
सगळी पेन्सिलीत. मेट्रनच्या हाती पडली
तर तिला ती दुधाची मापं वाटतील:
मोराआ २०. चेप १५. मोराआ पुन्हा २०.
ओपियो ४०, ताप होता म्हणून.

मिनिटं आहेत ती, झोपेची.
चादरींच्या कपाटामागे एक गादी आहे.
तिथे एकीनं आडवं व्हायचं
आणि दुसरीनं तिच्याही बाळांपाशी उभं राहायचं.

किसुमूत रात्री जन्मलेली ती अतिएनो,
मध्यरात्रीची अवुओर, उजाडतानाची अकिन्यी.
म्हणजे अर्ध्या गावानं आमच्या पाळीचं वेळापत्रक
नाव म्हणून लावलंय.
मीही अवुओर. मोराआ किसीकडची,
म्हणते, तुमचं घड्याळ मला कळत नाही बाई,
आणि नेमकं बारा वाजता हाक मारते.

चेपकेमोई चहाच्या डोंगरांतून आली.
पहिल्या रात्री खिडकीपाशी थांबली, म्हणाली,
पलीकडचं ते गाव अजून कसं जागं?
काळोखात तळं दिसत नाही, नुसते दिवे दिसतात,
ओमेना मासळी धरणाऱ्या होड्यांचे.
मोराआ नळी धुता धुता म्हणाली,
गाव नाही गं. आपल्याच पाळीचे लोक.

ओपियो फाटकावर असतो. जुळ्यांतला पहिला.
दुसरा याच वॉर्डात, याच भिंतीच्या कडेला,
दोन दिवस होता, त्याला बावन्न वर्षं झाली.
हे त्यानं सांगितलेलं नाही. त्याच्या बहिणीनं सांगितलं.
तो फक्त कागदाच्या पुडीत भुईमूग आणतो
आणि वरचा एखादा दिवा विझला
की बोलावण्याआधी जिन्यात असतो.

त्या रात्री सगळेच विझले.
मोराआ माझी वीस मिनिटं झोपत होती.
तिला कुणी उठवलं नाही.
लोकांना आवाजानं जाग येते,
आम्हाला यंत्रं गप्प झाली की येते.
ती अनवाणीच आली, केसांची जाळी हातात,
आणि माझ्या शेजारच्या पाळण्यावर वाकली.
दोघींच्या मुठीत एकेक रबरी फुगा:
दाब, सोड, सोड.
दाब, सोड, सोड.
ओपियोनं बॅटरी धरली, चेपकेमोई जनरेटरच्या माणसाला
फोनवर शिव्या देत होती, तिच्या भाषेत,
म्हणून आम्हाला त्या प्रार्थनेसारख्या वाटल्या.
पुढे माझा आकडा चुकला तेव्हा मोराआनं
दोघींसाठी मोजलं.

एकेचाळीस मिनिटं.
तिच्या पाळण्यातलं बाळ राहिलं.
माझ्या पाळण्यातल्याचं नाव ठेवायचं राहून गेलं.
वेळ तेवढी मी लिहिली, तीन अठ्ठेचाळीस,
अक्षर नीट आलं, याचाच मला राग आला.

मग चेपकेमोईनं चहा केला,
आलं घातलं, आणि साखरेच्या जागी मीठ.
आम्ही तो तळापर्यंत प्यायलो.
ओपियोनं तर दुसऱ्यांदा मागितला.

गेल्या सोमवारपासून मोराआ दिवसपाळीला आहे.
गुडघे. आणि नवऱ्याचं म्हणणं, रात्री घरात माणूस हवं.
आता आम्ही जिन्यात भेटतो, ती चढताना, मी उतरताना,
तिच्या अंगाला साबणाचा वास, माझ्या अंगाला वॉर्डचा.
मी म्हटलं, तुझी पासष्ट मिनिटं माझ्याकडे निघतात.
म्हणाली, दिवसाढवळ्या ती घेऊन मी काय करू?
आणि वर गेली, एकेक पायरी, कठडा धरून.

तिच्या जागी एक पोरगी आलीय, नेकेसा,
तेवीस वर्षांची, उभ्याउभ्या पेंगते,
पेंगत नाही म्हणून शपथ घेते.
मागच्या पानाचं तिला अजून सांगितलेलं नाही.
काल म्हणाली, सिस्टर, फक्त वीस मिनिटं, नक्की उठवा.
पंचविसाव्याला उठवलं.

पाच फिटले. साठ राहिले.