बॅटरी बदलताना

डिकीतला वास अजून गेलेला नाही.
लिंबू झालं, फिनेल झालं, वाटीत कॉफीची पूड ठेवून झाली.
सोसायटीचे सेक्रेटरी दाबके दोनदा पार्किंगमध्ये
नाकाला रुमाल लावून उभे राहून गेले.
मी सांगितलं, सुकट सांडली.
देवमासा म्हटलं असतं
तर आधी फोटो मागितला असता.

कर्वेनगरात पिठाच्या गिरणीवर आमची एडिटची खोली.
गिरणी चालू असली की आवाजाचं काम बंद,
म्हणून मी रात्री बसते.
फुटेज एकेचाळीस तासांचं,
त्यातले दोन तास नुसत्या हर्षद मेंगडेच्या चपला,
कारण वाळूत पळताना कॅमेरा बंद करायचा राहतो.
वहीत लिहीत जाते:
क्लिप ११७, लेन्सवर माशी.
क्लिप १३०, मुलगा शेपटीवर चढलाय, बाप खाली उतर म्हणत नाही,
इकडे बघ म्हणतो.
क्लिप १४४, चांगली आहे, पण मागे भेळेची गाडी.
क्लिप १५२, जेसीबीवाला सिकंदर मुजावर विचारतो,
डिझेलचे कोण देणार?

आम्हीच दिले. पावती नाही.
सीए म्हणाला, मासा ओढल्याचा खर्च
कुठल्या हेडखाली टाकू?
मी म्हटलं, प्रवास.
दोनदा समुद्रात नेला होता त्याला,
दोनदा परत आला.

मेला तेव्हा हर्षद बॅटरी बदलत होता.
चाळीस सेकंद, फार तर पन्नास.
आणि मी?
मी बूम वाळूत आडवा टाकून
बादली धरली होती, पाठीवरच्या गोणपाटावर पाणी ओतत होते.
म्हणजे चित्र नाही, आवाजही नाही.
बादली रिकामी झाली, मी वळले,
आणि सिकंदरने इंजिन बंद केलं.
त्याला कसं कळलं, विचारायचं राहून गेलं.

मॅडमना हे सांगितलेलं नाही.
फिल्ममध्ये तो क्लिप १९८ मध्ये मरतो,
आदल्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी.
तेव्हा डोळ्यात वाळू गेली होती, त्याने डोळा मिटला, एवढंच.
पुढे चांगला एकोणीस तास जगला.
मॅडम फोनवर म्हणतात, हा शॉट काय सुंदर आहे गं,
चाळीस टक्के स्लो कर,
आणि शेवट जरा आशेचा ठेव, चॅनेलवाले विचारतात.

राहिला श्वास.
खऱ्या श्वासावर सगळीकडे डिझेल इंजिन बसलेलं.
सायकलचा पंप करून पाहिला.
बाथरूममध्ये तेच गोणपाट भिजवून आपटलं.
हर्षदला झोपवलं खोलीतच, तो घोरलादेखील,
पण त्यात माणूस ऐकू येतो.
शेवटी नळ स्टॉपला, रात्री साडेअकराला,
कात्रजची शेवटची बस थांबली
आणि ब्रेकने हवा सोडली.
फस्स, आणि मागे थोडं थरथरणं.
मी तीन रात्री तिथे बूम घेऊन उभी.
तिसऱ्या रात्री कंडक्टर म्हणाला,
ताई, रोज येता, बसत का नाही?

दीड पट खाली ओढला आवाज, वर थोडं पाणी.
मॅडम रडल्या.
हर्षद माझ्याकडे बघून जमिनीकडे बघायला लागला.

आज दाबके तिसऱ्यांदा आले.
हुंगून म्हणाले, नाही हो, सुकट नाही ही.
सुकट मला कळते, बायको माझी रेवदंड्याची.
मी डिकी उघडली.
कोपऱ्यात घडी घातलेलं गोणपाट,
त्यातून थोडी वाळू सांडली.
टाकून द्या की, म्हणाले.
हो, म्हटलं,
आणि डिकी लावली.